मक्याचा मुरघास आला म्हणून पेंढा बंद करायचा?

मुरबाडचा गोठा: काल गटावर एकाने ठणकावलं, "मुरघास सुरू केला की भाताचा पेंढा बंद करा, पेंढ्यात काही नसतं." अशा सल्ल्याने गाई आजारी पडून बसतात, म्हणून लिहितोय. मुरघास म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा. त्यातल्या मक्याच्या दाण्यातला स्टार्च कोटीपोटात (गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात) झपाट्याने आंबतो. त्यात कुट्टी (चाऱ्याचे तुकडे) भुग्यासारखी केली की गाय रवंथ कमी करते, लाळ कमी सुटते. आम्ल मारणारा सोडा त्या लाळेतच असतो. चांगली गाय दिवसाला सात-आठ तास रवंथ करते, १०० लिटरच्या वर लाळ गिळते. कोटीपोटाचा सामू (pH, कमी म्हणजे आम्ल जास्त) ५.८ च्या खाली रेंगाळला की शेण पातळ, फॅट खाली, पुढे खुरं दुखतात. कुट्टी एक ते दोन सेंटिमीटर ठेवा आणि थोडा पेंढा द्याच.

शहापूरकर: तो सल्ला माझाच. पेंढ्यात सिलिका, पचतो कमी. २० लिटर दूध देणाऱ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईचं पोट त्यानेच भरलं तर दूध कुठून येणार? माझ्याकडे मुरघासावर दूध वाढलंय.

मुरबाडचा गोठा: आणि फॅट?

शहापूरकर: ३.२. पण डेअरीवाले ३.५ च्या खाली दर कापतात त्याचं काय? लुटतात ते, त्यावर लिहा की!

भिवंडी: पेंढा पेंढा करताय, मिळतो कुठे? आमच्याकडे भाताच्या शेतांवर गोदामं उभी राहिली. उरलं त्यात हार्वेस्टर घालतात, पेंढ्याचा चुरा होतो.

मुरबाडचा गोठा: आमच्याकडे अजून हाताने कापतात. आधी सांगून ठेवा, मिळतो.

भिवंडी: मिळतो! गेल्या वर्षी सांगून ठेवलेला पेंढा दलालाने जास्त भावाने तबेल्याला दिला. माझ्या गाई उसाच्या वाढ्यावर (शेंड्याच्या हिरव्या पानांवर) काढल्या. वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं, त्यात व्यायलेली गाय आडवी झाली. तुम्ही काय ते रवंथाचे तास मोजत बसा.

कल्याण (पशुवैद्यक): भांडू नका. पेंढा नसेल तर नेपियर गवताचा मुरघास मक्याच्या मुरघासात मिसळा. त्यावर गाय जास्त चावते. पण नेपियरमध्ये पाणी जास्त, साखर कमी. कापून थोडा सुकवा, मळी (मोलॅसिस) घाला, मग दाबून भरा. नाहीतर सडका वास सुटतो. फार जून झालेला नकोच, तो नुसताच चघळला जातो.

शहापूरकर: डॉक्टर म्हणतात म्हणून गाईमागे किलोभर पेंढा घालतो. त्याहून एक काडी जास्त नाही. आणि दूध उतरलं तर मुरबाडकर, रोजचा हिशेब इथेच टाकीन.

मुरबाडचा गोठा: टाका. फॅटसकट.