नाताळची सुटी आणि पोटाचा हिशेब : आकडे लपवू नका

सदर (धागा काढणारी)

माळा आवरताना परवा एक स्टीलचा डबा सापडला. झाकणावर खिळ्यानं टोचून दोन अक्षरं काढलेली. आमच्या घरातल्या कुणाचीच नव्हेत. तो शेजारच्या मावशींचा डबा. नागपुरात सदरला त्यांची आणि आमची भिंत एकच होती. त्या ख्रिस्ती, आम्ही देशस्थ, पण एक नियम दोन्ही घरांत तंतोतंत सारखा: आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. दिवाळीत आईनं चकल्या-अनारसे भरून दिलेला आमचा डबा नाताळपर्यंत त्यांच्याकडे मुक्कामी. 25 तारखेला त्या चर्चमधून आल्या की तो केक, करंज्या, शंकरपाळ्यांनी भरून यायचा. एका डब्यात मावायचं नाही म्हणून सोबत त्यांचाही एक. तो मग संक्रांतीपर्यंत आमच्याकडे.

मी सहावीत असताना तो डबा मधल्या खोलीत कॉटखाली नेला आणि एका दुपारी 14 करंज्या खाल्ल्या. आईला वाटलं, मावशींनी यंदा करंज्या दिल्याच नाहीत. ती काही बोलली नाही, पण संक्रांतीला तिळाच्या वड्या जरा मोजूनच गेल्या. हे मी आज पहिल्यांदा कुणाला सांगतेय.

तर लिहा. चर्चला जाणारे, न जाणारे, नाताळच्या सुटीत नुसते मामाकडे जाणारे, सगळे लिहा. घरी काय होतं, कोण करतं आणि तुम्ही किती खाल्लं. आकडा खरा हवा.

मोहननगर

आमचा केक घरी कालवतात, पण भाजतात बेकरीत. सामान आपलं, भट्टी त्याची. 20 तारखेच्या पुढे पाळी लावावी लागते आणि ती कधी रात्री दोनची येते. आजोबांच्या काळापासूनचं माप: 2 किलो मैदा, 2 किलो साखर, 2 किलो लोणी, 40 अंडी. आजोबा तर सगळं तिथंच कालवून घ्यायचे. अंडी मोजून न्यायचे आणि नंतर टरफलं मोजायचे. बेकरीवाला त्यांच्यासाठी टरफलं वेगळ्या टोपल्यात ठेवायचा, इतकी त्याला सवय झाली होती.

खरं काम मात्र नोव्हेंबरपासून सुरू होतं. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला येणारी संत्री बाजारात आली की घरात कुणी साल फेकायची नाही. आजी सालीचा आतला पांढरा भाग सुरीनं खरवडून काढायची, साली दोनदा उकळून ते कडू पाणी फेकायची आणि मग पाकात टाकायची. मृग बहाराचं संत्रं फेब्रुवारीत येतं, त्याचा केकला काही उपयोग नाही, त्यामुळे ही संधी एकदाच. रंगासाठी साखर जाळून काळा पाक करायचा. तो एक सेकंद जास्त जळला की अख्खा केक कडू, म्हणून त्या वेळी स्वयंपाकघरात पोरांना बंदी.

डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या असतात. एका वर्षी त्या भट्टीत जळाल्या आणि भलत्यांचे केक घरी आले. ते आमच्या केकपेक्षा चांगले होते. हे घरात आजवर कुणी मान्य केलेलं नाही.

पण बाहेरच्या लोकांना वाटतं नाताळ म्हणजे केक. आमच्याकडे नाताळ म्हणजे मटण. खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, काळी मिरी, सगळं भाजून पाट्यावर. आता मिक्सरवर, पण आई अजून म्हणते 'पाट्यावर घेते'. 12 माणसांना 5 किलो. वर पोळ्या, भात आणि गंजात (पातेल्यात) तळाशी राहिलेला रस्सा रात्री पुसून घ्यायला पाव. मी गेल्या वर्षी दुपारी एकला घरी जेवलो, तीनला काकाकडे, सहाला मामाकडे. 'जेवून आलो' हे वाक्य आमच्या नात्यात कुणी ऐकूनच घेत नाही. काकू म्हणाली, 'ते तिकडचं झालं, इकडचं काय?'

मेकोसाबाग

आकडा पाह्यजे ना? घ्या. 11 घरं, एका रात्री.

आमची कॅरलची टोळी म्हणजे 16 पोट्टे, एक ढोलक, दोन खंजऱ्या अन् एक गिटार, जिची एक तार कायमची गेलेली. सांताक्लॉज मले केलं होतं, काहून का सगळ्यात जाडा मीच, उशी बांधाची गरज नाही. एका घरी तीन गाणे, एक प्रार्थना अन् मंग प्लेट. पह्यल्या घरी केक न् गुजिया. दुसऱ्या घरी केक न् चिवडा. तिसऱ्या घरी काकू म्हणे, 'पोट्टेहो, थंडीत फिरून राहिले, गरम खा,' अन् आलूबोंडे काढले. पाचव्या घरापासून आवाज बसला, भूक नाही बसली. नवव्या घरी रात्री साडेअकराले पोहे, त्याच्यावर तर्री. दाढी काढाचा कंटाळा, मीनं तशीच वाटी तोंडाले लावली. पांढऱ्या कापसाची दाढी गळ्यापर्यंत लाल. दहाव्या घरचं लहान पोरगं मले पाहून जे रडाले लागलं, ते त्याची माय अजूनही चर्चमंदी भेटली का काढते.

घरी आलो तं आईनं गोळाभात झाकून ठेवला होता. खाल्ला. नाही खाल्ला असता तं तिले वाईट वाटलं असतं.

धंतोली

डॉक्टर आहे. 26 डिसेंबर आणि 1 जानेवारी या दोन दिवशी येणाऱ्या पेशंटचं पहिलं वाक्य ठरलेलं: 'तसं काही जास्त नाही खाल्लं.' पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत पोचायला साधारण 20 मिनिटं लागतात, आणि समोर रस्सा असला की 20 मिनिटांत माणूस चौथ्या पोळीवर पोचलेला असतो. एरवी बेतानं पिणारा माणूस सुट्यांत एकदम भरपूर पितो आणि हृदयाचे ठोके चुकायला लागतात, याला अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1978 साली 'हॉलिडे हार्ट' असं नाव दिलं. कॉलेजात हे नाव ऐकून आम्ही हसलो होतो. पुढे 31 च्या रात्रीची ड्यूटी लागली तेव्हा हसू गेलं.

आता माझा आकडा. मागच्या नाताळला आमच्या हॉस्पिटलातल्या सिस्टरच्या घरी गेलो होतो. प्लम केकचे 6 तुकडे, वर घरची आल्याची वाइन. सातवा उचलताना समोरच्या खुर्चीवर नजर गेली. त्याच आठवड्यात ज्यांना साखर बंद करून आलो होतो ते गृहस्थ, हातात बशी. आम्ही दोघांनीही ओळख दाखवली नाही.

कामठी

आमच्या छावणीकडच्या शेजारी अँग्लो-इंडियन आजी होत्या. त्यांच्याकडे 25 ला नारळाच्या दुधातला पिवळा भात आणि खिम्याच्या गोळ्यांची करी. सोबत कच्चा कांदा, लाल मिरची, व्हिनेगर आणि साखरेची लालभडक चटणी, तिचं नाव डेव्हिल चटणी. मी आमच्या सांबारवडीशी ती चटणी खाल्ली होती. त्यांना ते फारसं आवडलं नाही, मला मात्र फार. (पुण्याच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीचं नव्हे.)

मनीषनगर

मी वसईची, नागपूरची सून. माहेरी नाताळला फुगे आणि इंद्याल (व्हिनेगर घातलेलं तिखट मांस). मैदा, अंडी, नारळाचं दूध, पीठ फुगू द्यायचं आणि मुठीतून पिळून गोल गोल गोळे तेलात सोडायचे. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला मी सासरी 60 फुगे तळले. सासूबाईंनी एक हातात घेतला, दाबून पाहिला आणि विचारलं, 'यात काय भरायचं राहिलं?'

मला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात सासऱ्यांनी एक फुगा फाडून मटणाच्या रश्श्यात बुडवला. मग दुसरा. मग दिरांनी पोळ्यांचं टोपलं बाजूला सारलं. 60 फुगे 5 माणसांत तासाभरात संपले, त्यातले सासऱ्यांचे एकट्याचे 17. रात्री त्यांना ओवा-सैंधव द्यावं लागलं आणि माझ्या नावानं पहिली तक्रार नोंदली गेली: 'हिनं आमच्या माणसाला आजारी पाडलं.' आता सासूबाई स्वतः पिळतात. त्यांचे गोल होत नाहीत, शेपटी राहते. मी बोलत नाही. माहेराहून आणलेला बाटलीतला मसाला मात्र त्यांनी अजून रश्श्यात घालू दिलेला नाही. तिथं तडजोड नाही.

प्रतापनगर

यजमान पोलिसात. विधिमंडळाच्या अधिवेशनाचा बंदोबस्त संपेपर्यंत आमच्याकडे नाताळ, एकादशी काही नसतं. संपलं की ते घरी येतात, ताटाशेजारीच आडवे होतात. एका वर्षी वांग्याच्या भरीताबरोबर 9 भाकरी खाल्ल्या आणि 14 तास झोपले.

काटोल रोड

आम्ही नाताळ करत नाही, पण कॉन्व्हेंटच्या सुट्या लागल्या की सगळी मावस-चुलत मंडळी आमच्या वावरात. शेगडीत गोवऱ्या, ज्वारीची कणसं, वर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. 29 डिसेंबर 2018 हा दिवस विसरणं शक्य नाही, त्या पहाटे नागपुरात 3.5 अंश होतं. थंडीमुळे शेकोटीजवळून कुणी उठेना आणि उठेना म्हणून खाणं थांबेना. तळव्यावर चोळलेला गरम हुरडा समोर येत राहतो, त्यामुळे किती खाल्ला हे मोजताच येत नाही. हुरड्याची हीच लबाडी आहे.

हुरड्यावर पाणी पिऊ नये, ताक प्यावं, असं आजी ओरडून सांगत होती. पुण्याहून आलेल्या जावयानं शास्त्रीय आधार विचारला आणि तांब्याभर पाणी प्याला. शास्त्राचं मला माहीत नाही, पण त्यानंतर रोडगे आणि वांग्याची भाजी वाढली तेव्हा तो बाजेवर पोट धरून पडला होता आणि आजी शांतपणे त्याच्या वाट्याचा रोडगा तुपात बुडवून स्वतः खात होती. माझा आकडा: रोडगे 4. हुरडा अगणित.

नंदनवन

वरच्या डॉक्टरांनी हे वाचू नये.

बाबांना 20 वर्षांपासून मधुमेह. नाताळात आई त्यांना केकचा एक तुकडा देते, तोही पत्त्याएवढा पातळ. दोन वर्षांपूर्वी माझी 5 वर्षांची मुलगी एकदम फार खायला लागली. दर अर्ध्या तासानं, 'आजी, मला अजून दोन.' आईला कोण आनंद! एरवी हीच पोरगी पोळीचा तुकडा तासभर तोंडात धरून बसते. ती 9 वेळा आली. येणाऱ्या प्रत्येकाला आईनं कौतुकानं सांगितलं की नात आमच्यावर गेली आहे.

संध्याकाळी सवयीनं बाबांची साखर तपासली. 312. बाबा म्हणाले, 'मशीन जुनं झालंय.' आईनं नातीकडे पाहिलं. नात म्हणाली, 'आजोबा मला दर वेळी कोपरा द्यायचे, बरं का.'

तेव्हापासून आई केक आला की त्याच दिवशी कापून मोहल्ल्यात वाटून मोकळी होते, घरात एक चुरा ठेवत नाही. बाबांनी पाच मिनिटांत उपाय काढला. 25 ला दुपारी चार वाजता ते इस्त्रीचा शर्ट घालतात आणि शेजाऱ्यांना शुभेच्छा द्यायला निघतात. दारात आलेल्या थोर माणसाला चहाबरोबर काय देणार? आमचाच केक. आईला हे कळलेलं आहे. गेल्या वर्षी तिनं शेजारणींना फोन करून सांगितलं तेव्हा कळलं, त्या तिघी आधीच बाबांच्या बाजूला गेल्या होत्या.

सदर (धागा काढणारी)

सगळं वाचलं, काही आईला वाचूनही दाखवलं. माझं पहिलं लिखाण सोडून.

मावशी आता लेकीकडे असतात, जबलपूरला. पत्ता मिळाला. डबा पाठवायचा म्हटल्यावर आई 82 व्या वर्षी उठून कढई काढायला लागली. 'रिकामा कसा जाईल?' मी म्हटलं, चिवडा विकतचा आणते. तिनं ऐकलं नाही. दोन दिवस सारण, लाट्या, तळण. काल झाकण लावायच्या आधी मी डोकावून पाहिलं. वर बटर पेपर आणि खाली करंज्या, दोन थरांत.

मोजल्या. 14 होत्या.

आईकडे पाहिलं तर ती तळणाचा सराटा धूत होती. म्हणाली, 'तेव्हा तिनं विचारलं होतं मला, करंज्या कशा झाल्या म्हणून.'