मदत हवी आहे: सेव्हन रेप्लिका, जिप्सीचं इंजिन, ॲव्हरेज ९च्या वर जाईना

होटगीरोडवाला: गाडी लोटस सेव्हन या जुन्या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्सकारच्या धर्तीची, फायबर बॉडी, जिप्सीचं १.३ इंजिन. वजन जिप्सीपेक्षा कितीतरी कमी, तरी लिटरला ९च. कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) बारीक केला तर ओव्हरटेकला पाय दाबल्यावर आधी खोकते, मग पळते. जेट मोठा केला की पेट्रोल ढोसते. पुढच्या आठवड्यात पुण्याला न्यायची आहे. पॉवर न घालवता ॲव्हरेज कसं वाढवू? लवकर सांगा.

सात_रस्ता: कार्ब कंपनीचाच की बदललेला? टायर कुठले? ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा गिअरचा डबा) आहे का काढली? काहीच सांगितलं नाही की ओ.

गॅसवाले_मामा: सीएनजी बसवा, विषय संपला. माझी व्हॅन वर्षानुवर्षं गॅसवरच आहे.

इंजिनकाका: मामा, सेव्हनमध्ये टाकी ठेवायला जागा कुठाय? आणि मागं एवढं वजन लादल्यावर हलकी गाडी बांधून काय मिळवलं?

होटगीरोडवाला: वेबर छापाचे दोन साइडड्राफ्ट, म्हणजे आडवे बसणारे कार्ब. टायर १७५/७० आर १३. बाकी सगळं जिप्सीचंच, ट्रान्सफर केससकट, फक्त पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट काढलाय. मीटरची केबलही तिथूनच. पण याचा ॲव्हरेजशी काय संबंध?

सात_रस्ता: सगळा संबंध तिथंच आहे. जिप्सीचा टायर २०५/७० आर १५, उंची साधारण ६६८ मिमी. तुमचा ५७५. म्हणजे त्याच वेगाला इंजिन १६ टक्के जास्त फिरतंय आणि मीटरही तेवढंच जास्त दाखवतंय. तुमचे ९ म्हणजे खरे पावणेआठ. त्यात जिप्सीची ट्रान्सफर केस 'हाय'मध्येही (साध्या रस्त्यावरच्या गिअरमध्येही) एकास एक नसते, गिअर आणखी आखूड करते. डोंगर चढायला ते ठीक, मोहोळ-टेंभुर्णी रोडला कशाला? केस काढा, गिअरबॉक्समधून सरळ मागच्या ॲक्सलला शाफ्ट द्या. पिकअप थोडा कमी होईल, पण हलक्या गाडीला तेवढं चालतं.

जुळे_सोलापूर: सगळा दोष ई२०चा, २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा आहे बे. पेट्रोलमध्ये पाणी घातल्यासारखं झालंय.

इंजिनकाका: ई२०नं सहा-सात टक्के जातील, निम्मं ॲव्हरेज जात नाही. मात्र कार्बला पेट्रोल बदललेलं कळत नाही. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं. वर जेट आणखी बारीक केला तर खोकणारच. मुळात या कार्बवर ६०-७०च्या संथ चालीला गाडी आयडल जेटवर (हलक्या पायाच्या छोट्या जेटवर) चालते, मेन जेट नंतर लागतो. मेन पुन्हा मोठाच बसवा, आयडल जेट एकेक पायरी खाली आणा, पंप जेट (पाय दाबताच जादा पेट्रोल देणारा) नीट करा. आता महत्त्वाचं: डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना स्पार्क वाटणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूमची नळी कुठं जोडलीय? इंजिनच्या ओढीवर ती स्पार्क आधी पाडते. साइडड्राफ्ट बसवताना ती बहुतेक जण बंद करून टाकतात. हलक्या पायावर सिलिंडरात मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, स्पार्क आधी पडायला लागतो. ती नळी नसेल तर उरलेली उष्णता सायलेन्सरमधून बाहेर जाते.

सात_रस्ता: काका, आधी गिअरिंग. फेरे कमी झाल्याशिवाय जेट लावून उपयोग नाही.

इंजिनकाका: नळी जोडायला अर्धा तास लागतो, केस काढायला गाडी खोलावी लागते. आधी स्वस्त काम.

फायबरवाला: बॉडी कुठं बनवली? मलाही करायची आहे.

एमएच१३: बॉडीच्या आधी आरसी बघा. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२वर निकाल दिलाय, कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही. पुण्याच्या वाटेत अडवलं तर ॲव्हरेज कुणी विचारणार नाही.

होटगीरोडवाला: कागदांचा प्रश्न विचारलेला नाही. नळी बघितली, स्क्रू घालून बंद केलीय. जोडू कुठं? केस काढली तर मीटर कशावर चालवू?

इंजिनकाका: एका सिलिंडरच्या मॅनिफोल्डला (कार्बकडून इंजिनात जाणाऱ्या पाइपला) भोक पाडून निपल बसवा. तिथं झटके येतात, म्हणून नळीत बारीक जेट घाला. नळी लावल्यावर आयडलला अ‍ॅडव्हान्स वाढेल, म्हणजे स्पार्क आणखी आधी पडेल, स्क्रूनं फेरे खाली आणा. टायमिंग लाईट (स्पार्कची वेळ तपासायचा दिवा) मात्र नळी काढूनच लावायची.

सात_रस्ता: मीटर जीपीएसचं घ्या, टायर बदलले तरी चुकत नाही. शाफ्ट अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर होईल, पण बॅलन्स करून देणाऱ्याकडेच टाका. आणि लांबी मोजताना गाडी चाकांवर उभी असू द्या. जॅकवर ॲक्सल लोंबतो, माप चुकतं.