ब्रिटिश बोलीतला ‘बॉटल’ आणि आपले ‘कच खाणे’

‘ही बॉटल्ड इट’ किंवा ‘ही लॉस्ट हिज बॉटल’ या ब्रिटिश वाक्यांचे भाषांतर ‘तो घाबरला’ असे केलेले आढळते, ते मला अपुरे वाटते. भीती कोणालाही वाटते. पण एखादी गोष्ट करायला पुढे सरसावलेला माणूस ऐन वेळी मागे फिरला, की तिथे हा शब्द येतो. म्हणून क्रियापदासाठी ‘कच खाणे’ आणि ‘लॉस्ट हिज बॉटल’साठी ‘अवसान गळाले’ हे मला चपखल वाटतात. (संस्कृतात ‘अवसान’ म्हणजे शेवट, मराठीत मात्र धीर, जोर. ही गल्लत टाळावी.) ‘ही हॅज नो बॉटल’ला ‘त्याच्यात दम नाही’ पुरेसे आहे.

बाटलीचा आणि धैर्याचा संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. दारू पिऊन आलेल्या उसन्या अवसानाशी तो जोडण्याचा मोह होतो, परंतु सर्वाधिक सांगितली जाणारी व्युत्पत्ती लंडनच्या कॉकनी बोलीतल्या यमकांची आहे. या बोलीत एखाद्या शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारा शब्दसमूह वापरतात. ‘बॉटल अँड ग्लास’ हे ‘आर्स’ म्हणजे ढुंगण या शब्दाशी जुळवलेले यमक. त्यातला जुळणारा ‘ग्लास’ रीतीप्रमाणे गळतो आणि ‘बॉटल’ तेवढा उरतो. भीतीने पोटावरचा ताबा सुटणे हा त्यामागचा अर्थ. आपल्या ‘फाटली’तही शरीराचाच आधार आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. मात्र ‘नो बॉटल’ हा प्रयोग ‘कुचकामी’ या अर्थाने एकोणिसाव्या शतकातही होता, म्हणून केवळ यमकावर सगळा भार टाकणे मला पटत नाही.

वापराचा ठळक दाखला राजकारणात आहे. २००७ च्या शरद ऋतूत पंतप्रधान गॉर्डन ब्राउन मुदतपूर्व निवडणूक घेणार अशी हवा तापली होती. ऑक्टोबरात त्यांनी ती घेणार नसल्याचे सांगितले आणि विरोधकांनी त्यांना ‘बॉटलर ब्राउन’ म्हणून हिणवले. इथे ‘कच खाल्ली’ तंतोतंत बसते.

फुटबॉलमध्ये मात्र हा शब्द सैल झाला आहे. जानेवारी १९९६ मध्ये न्यूकॅसल संघाकडे १२ गुणांची आघाडी होती, तरी विजेतेपद मँचेस्टर युनायटेडने पटकावले. अशा पराभवालाही चाहते ‘बॉटल्ड इट’ म्हणतात, पण खेळाडूंनी शेवटपर्यंत झुंज दिली असेल तर त्यांच्यावर भित्रेपणाचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे. अशा ठिकाणी भाषांतरकाराने ‘हातातोंडाशी आलेला घास घालवला’ असे लिहावे.

पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचा ‘विंड अप’ हा प्रयोग याहून वेगळा आहे. त्यात माघार घेतलेली नसते, नुसती धास्ती असते. त्यामुळे तिथे ‘टरकला’ हा शब्द योग्य ठरेल.