जिन्यात ट्यूबखाली हिरवा मोठा पतंग, कोणता असेल?

कोथरूडची_अनु: आमची बिल्डिंग एआरएआय टेकडीला लागूनच आहे, पाऊस सुरू झाल्यापासून जिन्यात रोज सकाळी काही ना काही बसलेलं असतं. आज हिरवागार, मिलिटरीच्या कपड्यासारखं डिझाइन, मधे गुलाबी-पांढरट पट्टे, अंग चांगलं जाड. शेजारच्या काकू म्हणतात पंखांची पावडर डोळ्यात गेली की माणूस आंधळा होतो, झाडूने काढ. मी काढू दिला नाही. कोणता असेल? आणि टेरेसवर रात्री चादर लावून उजेडाला येणारे पतंग बघायचे तर काय काय लागतं?

रातकिडा: ओलिअँडर हॉकमॉथ, जवळजवळ नक्की. खाली कण्हेर नाहीतर तगर आहे का बघ, अळ्या त्याच पानांवर वाढतात. अळी जाडजूड हिरवी, डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके, धक्का लागला की डोकं आत घेते आणि ते ठिपके मोठे करून दाखवते, बघण्यासारखं असतं! पावडर म्हणजे पंखावरचे खवले गं, त्याने कोणी आंधळं होत नाही, काकूंना सांग. खाज सुटते ती काही केसाळ सुरवंटांमुळे. फोटो वरून सरळ एक, बाजूने एक, मिशा दिसतील असा एक, आणि आयनॅचरलिस्टवर (फोटो टाकून जीव ओळखायला मदत मिळते ती साइट) टाक, मॉथ्स ऑफ इंडिया साइटवर ताडून बघ. बारीक तपकिरी पतंगांचं मात्र नुसत्या फोटोवरून नाव ठरत नाही बऱ्याचदा, तिथे कुळापर्यंतच थांबावं, उगाच नाव ठोकून देऊ नये.

सिंहगडरोडवाला: चादर पांढरी सुती, समोर यूव्ही (अतिनील) नाहीतर मर्क्युरी बल्ब, बस. अमावस्येच्या आसपासची दमट, वारा नसलेली रात्र धर, चांदणं असलं की कमी येतात. यूव्हीकडे थेट बघू नको. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, आवरताना लाइट बंद करून पतंग हलक्या हाताने झाडीत सोड, नाहीतर उजाडलं की बुलबुल आणि सातभाई एकेक उचलतात, फार वाईट वाटतं. दिवसासुद्धा बघता येतात बरं का, सिंहगडाच्या वाटेवर सावलीतल्या खोडांवर, पानांखाली शोध, आणि फुलांपुढे हवेतच थांबून रस पिणारा छोटा पक्षी वाटला तर तो हमिंगबर्ड हॉकमॉथ असू शकतो, तो दिवसाच फिरतो.

कोथरूडची_अनु: रातकिडादादा, खाली तगरच आहे! पानं कडेने कुरतडलेली, खाली काळपट लेंड्या, आणि एक अळी मिळाली, निळे ठिपके अगदी तसेच. माळीकाकांना या झाडावर औषध मारू नका म्हणून सांगून आले. काकूंनाही खाली नेऊन दाखवली, आता त्याच विचारतायत चादर कधी लावायची.