टीपॉय हॉलच्या मधोमध की सोफ्याजवळ?

बी-२०३ ताई: काल नवीन टीपॉय आला, हॉलच्या बरोब्बर मधोमध ठेवला तर चहाचा कप ठेवायला दरवेळी उठावं लागते अन् सोफ्याजवळ घेतला तर सासूबाईंच्या गुडघ्याला लागते, कोणी सांगा नं काय करू

ए-४०१ काकू: अगं हॉलचा मध्य कशाला पाहून राहिली, सोफ्याचा मध्य पाह. सोफ्याच्या कडेपासून टीपॉयच्या कडेपर्यंत १४ ते १८ इंच म्हणजे दीड-दोन वीत. सासूबाई उठताना पाय पुढे घेतात नं, मग तू १८ च ठेव

बी-२०३ ताई: टीपॉय ४ फुटाचा आहे काकू, मोठा झाला का?

ए-४०१ काकू: सोफा ६ फुटाचा असेल तर बरोबर आहे, साधारण दोन तृतीयांश पाहिजे. उंची सीटएवढी नाहीतर इंच-दोन इंच कमी

सी-१०२ दादा: ताई टीव्हीकडची बाजू पण पाहा, तिथून जायला ३० इंच तरी मोकळे ठेवा. आता थंडी आहे म्हणून समजत नाही, पण एप्रिलमध्ये हॉलच्या खिडकीला कूलर लागला की दिवसातून दोनदा भरलेली बादली घेऊन तिथूनच जावं लागते. आमच्या टीपॉयच्या कोपऱ्याला बादली अडकली अन् सगळं पाणी एक्स्टेन्शन बोर्डावर, नशीब स्विच बंद होता. तेव्हापासून मी टीपॉय ठेवायच्या आधी तेवढ्याच मापाचे पेपर फरशीवर चिकटवतो अन् दोन दिवस घरात सगळ्यांना फिरू देतो, जिथे पेपरवर पाय पडते तिथे टीपॉय नाही ठेवायचा

डी-३०४ वहिनी: हे पेपरचं खूपच कामाचं आहे दादा. छोटं पोर असेल तर कोपऱ्यांना रबरी गार्ड लावजो ताई, आमच्या पिल्लूच्या भुवईला दोन टाके पडले

बी-२०३ ताई: आत्ताच पेपर लावले. सासूबाई देवघरात जाताना डाव्या कोपऱ्यावरूनच जातात, म्हणजे टीपॉय वीतभर उजवीकडे घ्यावा लागेल. पण महालक्ष्म्यांच्या वेळी अख्खा हॉल रिकामा लागते, तेव्हा काय?

ए-४०१ काकू: तेव्हा बेडरूममध्ये उभा करून ठेवायचा, काच आधी काढून घे

बी-२०३ ताई: काच एकटीने उचलल्या नाही जात, आता उजवीकडे घ्यायला पण कोणीतरी पाहिजे

सी-१०२ दादा: ओढू नका, टाइल्सवर ओरखडे पडतात. ६ वाजता येतो, पायांना लावायला फेल्टचे तुकडे पण आणतो