सल्ला हवा: १८ हजारांत फोन, पण महिन्याला कितीला पडेल ते सांगा

शिवारातला

नमस्कार मंडळी. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातला. उद्यमबागेत मशीनवर काम करतो, सुट्टीला घरच्या रताळ्याच्या रानात. फोन घ्यायचाय. बजेट १८ हजार, फार ताणलं तर १९. कॅमेऱ्याचं मला काही पडलेलं नाही, गेम खेळत नाही. दोन सिम, उन्हात दिसणारा स्क्रीन आणि टिकाऊपणा, एवढंच.

नावं सुचवण्याआधी माझा हिशोब वाचा. मी फोनची किंमत बघत नाही, महिन्याला कितीला पडला ते बघतो.

पहिला नोकिया ११००. गोव्यात कामाला असलेल्या आतेभावाकडून २००६ साली दीड हजाराला जुनाच घेतला. तेव्हा पंपाला थ्री फेज करंट रात्रीच यायचा. सी बटण दाबून धरलं की वरून उजेड, तेवढ्यावर बांधाबांधानं मोटर चालू करायला जायचो. दोनदा पाटात पडला. बॅटरी काढून तांदळाच्या डब्यात ठेवला, दुसऱ्या दिवशी चालू. सहा वर्षं वापरला, म्हणजे महिन्याला एकवीस रुपयेसुद्धा नाहीत.

त्यात खरा खर्च फोनचा नव्हताच, रोमिंगचा होता. कर्नाटक एक सर्कल, महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. बाची ओलांडली की महाराष्ट्रातलं शिनोळी, आणि आमच्या रानाच्या वरच्या बांधावर उभं राहिलं तरी फोन शिनोळीकडचा टॉवर धरायचा. आलेल्या फोनलाही पैसे कापायचे. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलाय, पण आमचा वरचा बांध मोबाईलवाल्यांनी केव्हाच महाराष्ट्रात नेऊन सोडला होता, आणि त्याचं भाडं आमच्याकडूनच घेत होते. शेवटी नेटवर्क मॅन्युअल करून ठेवायला शिकलो. आता पोरांना रोमिंग म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं.

२०१२ ला हौस म्हणून एक टचस्क्रीन घेतला, साडेसहा हजाराला. कंपनीचं नाव घेत नाही. मराठी मेसेज आला की नुसत्या चौकोनांची रांग दिसायची. तेराव्या महिन्यात मेला. महिन्याला पाचशे! मधे परत तो नोकिया अकराशेच बाहेर काढला.

मार्च २०१४ ला मोटो जी, १६ जीबीवाला, १३,९९९. तेव्हा तो फक्त ऑनलाइन मिळायचा आणि आमच्या गावाच्या पिनकोडला कुरिअर येत नव्हतं, म्हणून टिळकवाडीतल्या मित्राचा पत्ता दिला. त्याच्या आईनं पार्सल दोन दिवस देवघरात ठेवलेलं. ३८ महिने चालला, ३६८ रुपये. एक जीबी रॅम होती, शेवटी शेवटी व्हॉट्सअॅप उघडेपर्यंत चहा व्हायचा.

मग २०१७ ला रेडमी नोट ४. चार जीबी रॅम, ६४ जीबी, १२,९९९. स्नॅपड्रॅगन ६२५ आणि ४१०० एमएएचची बॅटरी. तापायचं नाव नाही, दोन दिवस चार्ज टिकायचा. तीन वर्षांनी ९०० रुपयांत बॅटरी बदलली. पाच वर्षं. बॅटरी धरून महिन्याला २३२.

आणि मग माझी मती फिरली. मे २०२२ ला एकवीस हजारांचा फोन घेतला. फाइव्ह जी आहे म्हणून घेतला, आणि देशात फाइव्ह जी सुरूच झालं ऑक्टोबर २०२२ ला. अठ्ठावीसाव्या महिन्यात रात्री अपडेट टाकून झोपलो, सकाळी स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, वॉरंटी संपलीय, डिस्प्ले नऊ हजार. महिन्याला ७५०. सगळ्यात महाग फोन महिन्यालाही सगळ्यात महाग पडला म्हणायचं की काय! सध्या बहिणीचा जुना वापरतोय.

आता सांगा.

निपाणकर

नवा घेऊच नका. दोन वर्षं जुना भारी मॉडेल घ्या, निम्म्यात मिळतो. मी तीन फोन तसेच घेतले.

खानापूर_लोकल

आधी दोन्ही सिमचं नेटवर्क घरात कुठल्या कंपनीचं येतंय ते बघा. आमच्याकडं जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या वाटेला पन्नास हजारांचा फोनपण घड्याळ म्हणूनच वापरायचा. चोर्ला घाटात तर विचारूच नका.

रिपेरीवाला

मी शहरात बारा वर्षं रिपेरीचं करतो. शिवारातले दादा, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तो फोन मेल्यावर कळतो. घेण्याआधी कसा काढायचा ते सांगतो.

फोन तीन गोष्टींनी मरतो. बॅटरी, फोल्डर आणि अपडेट. फोल्डर म्हणजे आम्ही डिस्प्ले आणि काच मिळून म्हणतो ते. लिथियमची बॅटरी पाचशे ते आठशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद ऐंशी टक्क्यांवर येते. म्हणजे रोज पूर्ण चार्ज करणाऱ्याची दीड-दोन वर्षांत. यात कंपनीचा दोष नाही, रसायनाचा गुण आहे. बॅटरी दमली म्हणजे फोन संपला असं समजून लोक नवा घेतात, तिथंच तुमचे पैसे जातात. तुम्ही ९०० रुपयांत दोन वर्षं विकत घेतली, ते सगळ्यात शहाणपणाचं काम केलंत.

फोल्डरचं उलटं आहे. तुमचा नोट ४ आयपीएस एलसीडीचा, त्याचा फोल्डर आम्ही दीड-दोन हजारांत बसवायचो. आताचे अॅमोलेड. रंग झकास, पण ओरिजिनल फोल्डरला फोनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पैसे जातात. स्वस्तातला कॉपी बसवला तर उन्हात काळा दिसतो आणि बोटाचा ठसा घेत नाही. म्हणून ज्या मॉडेलची कंपनी वर्षाला दहा प्रकार काढते ते घेऊ नका. तीन वर्षांनी त्याची चार्जिंग पट्टीसुद्धा हुबळीहून मागवावी लागते. दुकानात जाण्याआधी माझ्यासारख्या कुठल्याही रिपेरीवाल्याला नुसतं विचारा, याचा फोल्डर आहे काय? तो दराजात हात घालतो की मोबाईलमध्ये बघतो, त्यावरून ओळखा.

तिसरं, अपडेट. ही गोष्ट आता घेण्याआधी कळते. सॅमसंगच्या गॅलेक्सी ए१६ फाइव्ह जीला सहा वर्षं अपडेट कबूल केलीत, २०२४ ला आला तेव्हा किंमत १८,९९९ पासून होती. प्रोसेसर साधाच आहे, पळत नाही, चालतो. नथिंग कंपनीचा सीएमएफ फोन १ त्याच्यापेक्षा चपळ, १५,९९९ ला आला, मागचं झाकण स्क्रू काढून बदलता येतं, पण अपडेटची वर्षं कमी. पळायचं असेल तर तो, टिकायचं असेल तर ए१६. तुम्हाला कुठं पळायचंय?

निपाणकर

रिपेरीवाले साहेब, माझ्या जुन्या फोनच्या सल्ल्याचं काय?

रिपेरीवाला

घ्या की, पण बघून घ्या. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबायचं, पंधरा आकडी आयएमईआय नंबर येतो. इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ ला पाठवायचा. ब्लॅकलिस्ट, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं उत्तर आलं तर हात जोडून परत द्यायचा. आणि बॅक पॅनल बोटानं दाबून बघा. कडेला फट दिसली तर बॅटरी फुगायला लागलीय.

टिळकवाडीची_ताई

हप्त्याचंही बोला कुणीतरी. शून्य टक्के व्याज म्हणून मी फोन घेतला, वर फाइल चार्ज लागला आणि रोखीवर जी सूट होती ती गेली. दोन्ही मिळून बाराशे. बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडंही जाऊ नका. एप्रिल २०२० पासून मोबाईलवर १२ चा १८ टक्के जीएसटी झालाय, म्हणून ती लालूच मोठी वाटते. पण बिलावर आयएमईआय नंबर नसेल तर वॉरंटी मागायला कुठल्या तोंडानं जाणार?

हिशोबी_मास्तर

शिवारातले, गणित मांडलंत छान, पण त्यात एक खोट आहे. एकवीस रुपयांचा अकराशे आणि २३२ चा नोट ४ एका तराजूत कसे घालता? अकराशेवर तुम्ही सातबारा बघितलात का? चुकलो, आपल्याकडं कर्नाटकात त्याला आरटीसी म्हणतात. एपीएमसीतला रताळ्याचा दर बघितलात? यूपीआयनं पैसे घेतलेत? नोट ४ नं बँकेच्या किती फेऱ्या वाचवल्या, ते पैसे जमेच्या बाजूला कुठंच दिसत नाहीत.

शिवारातला

मास्तर, मान्य. नोट ४ आल्यापासून रताळ्याचा दर घरी बसून कळायला लागला, तेव्हा एका हंगामात दोनदा गाडी उशिरा लावली आणि क्विंटलमागं बरे सुटले. पण ते जमेला धरायला लागलो तर बायको म्हणेल, मग पन्नास हजारांचाच घ्या.

खानापूर_लोकल

वहिनींचं बरोबर आहे.

शिवारातला

मंडळी, शनिवारी काम उरकलं. खडे बाजारात दोन दुकानं फिरलो. रिपेरीवाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणं आधी एका रिपेरीवाल्याला विचारलं. ए१६ म्हटल्यावर त्यानं दराजात हात घातला. मग दुकानातला पोरगा नको नको म्हणत असताना डेमोचा फोन बाहेर रस्त्यावर उन्हात नेऊन बघितला. दुपारचे दोन वाजलेले. अक्षरं वाचता आली. घेतला. रोखीनं, बिल करून, नंबर खोक्याशी ताडून.

घरी आलो, खोकं उघडलं. फोन, केबल, सिम काढायची पिन. चार्जर नाहीच. कुणी सांगितलं नव्हतं! रिपेरीवाले दादा, तुमच्यावर राग नाही, पण थोडा आहे.

हिरव्या रेघेवाल्याचा ३३ वॅटचा चार्जर कपाटात होता, तो लावला. पिन बसली, पण फोन कासवाच्या गतीनं भरायला लागला.

रिपेरीवाला

चुकलंच माझं. हल्ली बऱ्याच खोक्यांत चार्जर नसतो, आम्हाला सवयीनं लक्षात येत नाही. तो ३३ वॅट त्या कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतो, दुसऱ्या फोनला बघून गप्प होतो आणि साधाच करंट देतो. ए१६ ला २५ वॅटचा पीडी, म्हणजे कुठल्याही कंपनीला चालणाऱ्या भाषेचा चार्जर, आणि त्यावर पीपीएस लिहिलेला लागतो. रात्रभर लावून झोपायची सवय असेल तर जुनाच चालू दे, बॅटरीला उलट बरंच.

शिवारातला

रात्रभर लावून झोपत नाही, हिरवी रेघ आठवते. नवा आणला, हजारावर गेले. मास्तर, आता हे चार्जरचे पैसे महिन्याच्या हिशोबात धरायचे की नाही?

हिशोबी_मास्तर

धरायचे. आणि टिळकवाडीतल्या त्या काकूंनी पार्सल दोन दिवस देवघरात ठेवलेलं, त्याचा नारळ अजून द्यायचा राहिला असेल तर तोही.