व्हायॉक्सचे ५० डॉलर आणि "अमेरिकेत ग्राहक राजा" वगैरे

नाना_सदाशिव
परवा इथे एका ताईंनी लिहिलं की अमेरिकेत औषध कंपनीने खोटी जाहिरात केली की ग्राहक क्लास अ‍ॅक्शन (म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकच दावा) ठोकतो, कंपनीला नाक घासत पैसे मोजावे लागतात आणि आपण भारतीय मात्र मुकाट गिळतो. खाली नुसत्या टाळ्या. डोकं फिरलं म्हणून हे एवढं लांबलचक.

व्हायॉक्स घ्या. मर्कची सांधेदुखीची गोळी, १९९९ ला बाजारात. २००० साली नुसत्या ग्राहकांसाठीच्या जाहिरातींवर १६ कोटी डॉलर उडवले, पेप्सीच्या जाहिरातींपेक्षा जास्त. टीव्हीवर ऑलिम्पिकवाली डोरोथी हॅमिल बर्फावर घसरत सांगायची की बघा मी कशी ठणठणीत. त्याच वर्षी व्हिगर नावाच्या ट्रायलमध्ये नॅप्रोक्सेन या दुसऱ्या वेदनाशामक गोळीवाल्यांपेक्षा व्हायॉक्सवाल्यांना हार्ट अ‍ॅटॅक कितीतरी जास्त आलेले दिसले, तर कंपनी म्हणे आमचं औषध वाईट नाही हो, नॅप्रोक्सेनच हृदयाला चांगलं आहे! सप्टेंबर २००४ ला शेवटी गोळी मागे घेतली. आणि ज्यांनी खिशातून पैसे घालून ती विकत घेतली होती त्या ग्राहकांची तडजोड कधी? २०१३. किती? २.३ कोटी डॉलर. जाहिरातीच्या एका वर्षाच्या खर्चाचा सातवा हिस्सा. पावत्या असतील तर खर्च परत, नुसतं प्रिस्क्रिप्शन दाखवलंत तर ५० डॉलर. हा तुमचा राजा.

अनघा_ठाणे
ती "ताई" मीच, नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं. सोयीचा आकडा तेवढा उचललात. २००७ चे ४८५ कोटी डॉलर कुठे गेले? २०११ ला मर्कने गुन्हा कबूल करून सरकारला ९५ कोटी भरले ते? आणि पैशांचं सोडा, खटले झाले, तिकडच्या संसदेच्या समितीने कागद मागवले, म्हणून तर तो "डॉजबॉल" बाहेर आला. एमआर म्हणजे कंपनीच्या औषध प्रतिनिधींच्या ट्रेनिंगचा खेळ होता तो, डॉक्टरने हृदयाचं विचारलं की प्रश्न कसा चुकवायचा याचा. हे आपल्याकडे कधी बाहेर आलं असतं का? रोफेकॉक्सिब, म्हणजे व्हायॉक्समधलंच औषध, आपल्याकडेही धडाक्यात विकलं जात होतं, २००४ च्या शेवटी बंदी आली, आणि विषय संपला. कोणाला एक रुपया मिळाला?

जर्सीकर_बंड्या
दोघंही गल्लत करताय. ४८५ कोटी होते हार्ट अ‍ॅटॅक-स्ट्रोकवाल्यांचे, तो क्लास अ‍ॅक्शन नव्हताच, हजारो वेगवेगळे दावे एकत्र मिटवले. ग्राहकांचा दावा निराळा, म्हणजे मला काही झालं नाही पण फसवून महाग गोळी घ्यायला लावली. तो उभा करणं महाकठीण, कारण कंपनी म्हणते गोळी डॉक्टरने लिहिली, तुम्ही जाहिरात बघूनच घेतली हे एकेकाने सिद्ध करा. गोळीचे पैसे भरणाऱ्या विमावाल्यांचा देशभराचा सामूहिक दावा आमच्या न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टानेच २००७ ला नाकारला. मिसूरीत राज्यापुरता टिकला, तिथे तडजोडही वेगळी झाली.

मला स्वतःला एका दुसऱ्याच औषधाचं पोस्टकार्ड आलं होतं. बारीक अक्षरात, पिझ्झाच्या कुपनांच्या गठ्ठ्यात, बायको टाकूनच देणार होती. फॉर्म भरायला बसलो तर जुन्या फार्मसीचं दुकान बंद, रेकॉर्ड कुठे गेलं कोणाला माहीत नाही. सोडून दिलं. एफटीसी या अमेरिकी सरकारी ग्राहक संरक्षण संस्थेचा २०१९ चा अभ्यास आहे, ग्राहकांच्या असल्या तडजोडींमध्ये क्लेम करणाऱ्यांचं प्रमाण मध्यक धरला तर ९ टक्के. कंपनीला हे गणित आधीच पाठ असतं.

नाना_सदाशिव
आणि वकील? त्या ४८५ कोटींत न्यायाधीश फॅलन यांनी फीला ३२ टक्क्यांची मर्यादा घातली तर वकील केवढे चिडले होते. म्हणजे दीड अब्ज डॉलर वकिलांचे. चालू द्या.

एमआर_नाशिक
डॉजबॉलचं ऐकून हसू आलं. इथे खेळ-बिळ काही नाही, मॅनेजर सोबत फिरतो आणि बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये झापतो. आपल्याकडे शेड्यूल एच, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या, औषधाची टीव्हीवर जाहिरात करता येत नाही, मग सगळं मार्केटिंग आमच्या बॅगेतून. ग्राहकाला कोणी काही सांगितलंच नाही तर तो कशावर दावा लावणार? डॉक्टरसाहेब मात्र विचारतात, यंदा कॉन्फरन्स कुठे. ओळखीच्या एका डॉक्टरांनी मला मुलीच्या लग्नाच्या हॉलचं बघायला लावलं होतं. औषधाचा एक शब्द न बोलता आमच्या गोळीची प्रिस्क्रिप्शनं सुरू झाली.

डॉ_सातारा
झालं, आला डॉक्टरवर. धागा अमेरिकेच्या कोर्टाचा आणि शिव्या आम्हाला. सतरा वेळा केबिनमध्ये डोकावून सॅम्पल टेबलावर टाकून जाता तुम्ही, पेशंट आत असतानासुद्धा, आणि वर आम्हीच लाचखाऊ? मी पेनसुद्धा घेत नाही.

एमआर_नाशिक
पेन कोण देतंय आता सर :) २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च इन्कमटॅक्समध्ये वजा मिळणार नाही. कोणीच घेत नसेल तर कंपनी हा वाद घेऊन तिथपर्यंत गेली कशाला?

डॉ_सातारा
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. माझ्या वडिलांना एका नामांकित डॉक्टरने लिहिलेली महागडी गोळी वर्षभर चालली होती, साधी चार रुपयांची पुरली असती हे मला डॉक्टर झाल्यावर कळलं. तेव्हा मला कोणी शिकवू नये.

अनघा_ठाणे
अहो मग हेच तर मी म्हणतेय! तुमच्या वडिलांसारखे हजार लोक. २०१९ च्या ग्राहक कायद्यात कलम ३५ आहे, सारखीच तक्रार असलेल्या अनेकांसाठी एकाने आयोगाच्या परवानगीने अर्ज करता येतो. लावलाय कोणी औषधाच्या मार्केटिंगवर?

नाना_सदाशिव
कसा लावणार, आयोगात तारखा पडता पडता तक्रारदाराचा मुलगा डॉक्टर होतो. बरं, एक मान्य करतो, नाइलाजाने. डॉजबॉलचे कागद बाहेर आले हे भारी झालं. पण ते ग्राहकांच्या २.३ कोटींमुळे नाही, त्याच्या कितीतरी आधी. म्हणजे तुमची क्लास अ‍ॅक्शन वरातीमागून घोडंच.

अनघा_ठाणे
नानांनी मान्य केलं! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. आणि वरातीमागून का असेना, घोडं आलं तरी. इथे वरातच नाही.

जर्सीकर_बंड्या
अनघाताई, तरी एवढं भारावून जाऊ नका. टेक्सासच्या ज्युरीने २००५ ला एका विधवेला २५.३ कोटी दिले, पेपरात पहिल्या पानावर. २००८ ला अपिलात शून्य झालं, ते कोणी छापलं?

एमआर_नाशिक
२०२४ ची यूसीपीएमपी, म्हणजे औषध मार्केटिंगची सरकारी आचारसंहिता, वाचा आधी. गिफ्ट बंद, डॉक्टरच्या कुटुंबाचा प्रवास बंद, सगळं छान. तक्रार करायची तर कंपन्यांच्याच असोसिएशनच्या कमिटीकडे.

डॉ_सातारा
मग करा की तक्रार. हॉल बघून दिलात त्या डॉक्टरांपासून सुरुवात करा.

एमआर_नाशिक
आणि टार्गेट तुम्ही पूर्ण करून देणार का माझं?